शहरियारच्या बागेतलं लग्न

“बाबा, पैमानला उलट्या होतायत. नवरदेव येत नाहीये.”

पांढऱ्या झग्यातली तरलान हे इतक्या शांतपणे म्हणाली, की फरामर्ज़आगांना आधी उमगलंच नाही. बाहेर, शहरियार गावातल्या त्या बागेत, दोनशे माणसं जमली होती. कबाबांचा धूर झाडांत शिरला होता आणि गुलाबांच्या कमानीमागे स्पीकरची भिंत उभी होती. लग्न हा नुसता बहाणा होता. पुरुषांसमोर बाईनं एकटीनं गाणं कायद्यानं बंद; त्यात रॅप, म्हणजे असलाच बहाणा लागतो. निकाहाचं नाटक उरकायचं, फाटक लावून घ्यायचं आणि मग नवरीनं माईक हातात घ्यायचा.

“मग आता कोणाला उभं करायचं?”

“बर्दियाला. त्याच्या अंगावर सूट आहेच.”

फरामर्ज़आगांच्या कपाळावर आठी चढली. बर्दिया तिच्या गाण्यांचे ताल बनवायचा. आईला सोबत आणि मिठाई हातात घेऊन तो दोनदा मागणी घालायला आला होता. दोन्ही वेळा त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण तरलानला एकदा नुसत्या संशयावरून चौकशीला नेऊन आत ठेवलं, तेव्हा गरम कपड्यांची पिशवी घेऊन ते रोज तुरुंगाच्या दाराशी उभे राहायचे. उद्या नवराबायको दोघंही आत गेले, तर त्या दाराशी कोण उभं राहणार?

“नाटकापुरताच ना?”

“सगळं नाटकच तर आहे, बाबा,” तरलान म्हणाली आणि तिनं त्यांची कॉलर सरळ केली.

खरं तर सुरुवात त्यांच्याच दुकानामागे झाली होती. ते रजया शिवायचे. कापसाच्या कोठीतून आवाज बाहेर जात नाही, हे पोरीला कॉलेजात असताना कळलं आणि तिथंच तिनं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. नाव घेतलं जरक्के, म्हणजे ठिणगी. गाणी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेली. एकदा टॅक्सीवाल्यानं गाणं मोठ्यानं लावून विचारलं, “काका, ऐकताय ना? काय पोरगी आहे! हिच्या बापानं हिला काय खाऊ घातलं असेल!” बाप मागच्या सीटवर तोंड मिटून बसला होता.

इतक्या वर्षांत जरक्केचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. तिनंही ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले नव्हते. ते तिला एकदा तरी दिसावेत, म्हणून ही बाग फरामर्ज़आगांनी स्वतः हिंडून शोधली होती.

“आणि निकाह लावणाऱ्या मौलवीचं सोंग घेणारा तुझा तो नाटकवाला? नौज़र?”

“आलाय. वेष करून तयार आहे.”

आरसा, मेणबत्त्या आणि मधाची वाटी मांडलेल्या चादरीजवळ निकाह लावणारे आखुंद येऊन बसले. पांढरा साफा, तपकिरी झगा, हातात माळ. नौज़रला फरामर्ज़आगांनी कधी पाहिलं नव्हतं, पण ते मनातल्या मनात खूश झाले. काय सोंग वठवलंय पोरानं!

तेवढ्यात माळी धावत आला. “पोलीस! पोलीस आलेत!”

अधिकारी सरळ आत चालत आला. त्याचे बूट आरशासारखे चकाकत होते. साथीदार गाडीतच थांबलेत, असं त्यानं बजावलं.

“काय चाललंय इथं?”

“लग्न आहे, साहेब.”

“लग्नाला एवढे स्पीकर?”

“मुलाकडचे सगळे बहिरे आहेत हो,” तरलानच्या महलकाआत्या म्हणाल्या. “नवरीला द्यायचा मेहेर कमी केला, एवढंच काय ते ऐकू येतं त्यांना.”

बायका खिदळल्या. अधिकारी हसला नाही. “निकाह झाला?”

“आत्ता होतोय.”

“मग होऊ द्या. मी थांबतो.” त्यानं खुर्ची ओढली.

आखुंदांनी अरबीत निकाह वाचायला सुरुवात केली. स्पष्ट, खणखणीत, कुठं अडखळणं नाही. नवरीला पहिल्यांदा विचारलं.

“नवरी फुलं तोडायला गेलीय!” बायका ओरडल्या. नवरीनं तिसऱ्या वेळीच हो म्हणायचं, असा रिवाज.

दुसऱ्यांदा विचारलं.

“नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!”

तिसऱ्या वेळी आखुंद थांबले. फरामर्ज़आगांकडे वळून म्हणाले, “वडिलांच्या परवानगीशिवाय निकाह होत नाही. आहे परवानगी?”

अधिकाऱ्याची नजर त्यांच्यावरच रोखलेली. इथं चाचरलो तर गाणं गेलं, पोरगीही गेली.

ते ताडकन उठले. “आहे! मनापासून आहे! माझी मुलगी मी या मुलाला दिली!”

“वडिलांच्या परवानगीनं,” तरलान म्हणाली, “हो.”

तिचा आवाज कापला. पोरगी नाटकातही गेली असती, असं त्यांना वाटलं.

अधिकाऱ्यानं मिठाईचा डबा घेतला, मुबारक म्हटलं आणि तो निघून गेला. फाटकाची कडी लागली. बर्दियानं ताल सोडला आणि जमीन हादरली. नवरीनं ओढणी भिरकावून माईक घेतला. जरक्के येणार एवढंच लोकांना ठाऊक होतं. नवरीच जरक्के, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्या ओळीला सगळे गप्प. दुसऱ्या ओळीला कुणीतरी किंचाळलं, “तीच आहे!” आणि मग दोनशे गळे एकदम फुटले. तिचे शब्द ती म्हणण्याआधीच ते म्हणत होते. तिनं माईक त्यांच्याकडे धरला आणि नुसती बघत राहिली, एकेक चेहरा. महलकाआत्या खुर्चीवर चढून नाचत होत्या. फरामर्ज़आगा रडत होते, हसत होते, टाळ्या पिटत होते.

तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन ते कमानीमागे गेले आणि जागीच थिजले. तो अधिकारी तिथं उभा होता. टोपी काखेत, कोटाची बटणं उघडी, आणि ओठांवर गाण्याचा शब्द न् शब्द.

“साहेब, तुम्ही... गेला नाहीत?”

तो दचकला. मग ओशाळून हसला. “साहेब कसला, काका. मी नौज़र. नाटकवाला.”

फरामर्ज़आगांनी मान वळवली. हिरवळीपलीकडे आखुंद मांडीवर ताटली घेऊन कबाब खात होते.

“मग ते?”

नौज़रनं मान खाली घातली.

“ते खरे आहेत.”