शंभर टक्के

एसटीत संचिताने वडिलांना चार वेळा बजावलं होतं, "नाना, उगाच दिसता म्हणान सांगू नकात. दाखलो मिळाचो नाय. मगे अपंगांची पेन्शन खंयची?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, समोर काय दिसतंय?"

चाळीस वर्षं नाना मिठबावच्या किनाऱ्यावर उभे राहून पाण्याच्या रंगावरून रापणीच्या जाळ्यासाठी मासे हेरत आले होते. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"पाणी काळा पडला," ते हरखून म्हणाले. "बांगडो इलो! रापण सोडा रे!"

संचिताने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी नानांच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली आणि दाखल्यावर लिहिलं, 'शंभर टक्के अंध.'

दाखला हातात घेताना तिला आठवलं, आई गेल्यापासून रोज सकाळी नाना आपल्याकडे बघून म्हणत, "किती बारीक झालंस गो."