क्लच सोडताना

गाडी पहिल्या गिअरात हलली आणि खालून कुठूनतरी टक असा आवाज आला.

बाळासोंनी मान किंचित कलती केली. शेजारी बसलेली अनुजा त्यांच्याकडे बघत होती.

"ऐकलंत आबा? कधीपासून असंच वाजतंय."

गल्लीच्या तोंडाशी बाळासोंनी गाडी थांबवली आणि पुन्हा क्लच सोडला. पुन्हा टक. मग म्हणाले, "एवढ्यावर कळत न्हाय. जरा लांब न्यायला लागंल."

कधीपासून वाजतंय ही थाप होती. तो आवाज अनुजानं कालच गाडीत घालून घेतला होता.

गाडी पृथ्वीराजची. बाळासोंचा एकुलता मुलगा, अनुजाचा नवरा. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेला, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. तेव्हापासून बाळासो पडवीतल्या खुर्चीत बसून होते. ज्या माणसानं चंदगडच्या घाटवळणांवर एसटी चालवण्यात सारी हयात घालवली, तो आता फाटकापर्यंतही जात नव्हता. घरात माणसं दोन, आणि बोलणं "जेवलात का" आणि "व्हय" एवढंच. अनुजा कंपनीच्या बसनं कागलच्या एमआयडीसीत कामाला जायची, परत येऊन स्वयंपाकाला लागायची. सांगलीहून आई फोन करायची, इकडं ये म्हणायची. आबांना असं सोडून कशी येऊ, हे तिचं ठरलेलं उत्तर.

अंगणात धूळ खात पडलेली ती जुनी गाडी बघता बघता एक दिवस तिला युक्ती सुचली. उद्यमनगरात नागसेनचं गॅरेज होतं. पृथ्वीराजचा तो शाळेपासूनचा मित्र. आवाज होईल पण धोका होणार नाही असं काहीतरी गाडीत करून द्या, असं तिनं त्याला सांगितलं. नागसेन आधी चक्रावला. मग कारण ऐकून तयार झाला. इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला चांगला क्रॉस काढून त्यानं थोडा झिजलेला बसवला. गाडी सावकाश चालवा आणि अधूनमधून मला दाखवत जा, एवढी अट घातली.

आवाज कुणाला सापडत नाही, गाडी भंगारात द्यावी म्हणते, असं अनुजानं आबांना सांगितलं. आणि बाळासो खुर्चीतून उठले.

पहिल्या दिवशी ते बिद्रीपर्यंत गेले. तू शेजारीच बस, दोन कान जास्तीचे हवेत, असं त्यांनी तिला बजावलं. आवाज पुढून येतोय की मागून, चढाला येतो की उताराला, असं सारखं विचारत राहिले. अनुजाला उत्तरं देणं भाग होतं. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली तेव्हा त्यांनी तिच्या ऑफिसचं विचारलं. नवा साहेब कसा आहे, डबा कुणाबरोबर खातेस. तीही सांगत गेली.

मग दर रविवारी गाडी निघू लागली. बाळासोंना आधी चाकाच्या बेअरिंगचा संशय आला. तो खोटा ठरला. मग गिअरबॉक्स. मग मागचं ऑइल बदलून पाहिलं. अनुजाला वाईट वाटायचं. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून डेपोत त्यांचं नाव होतं, आणि आता इतकी साधी गोष्ट त्यांना सापडू नये. न राहवून एकदा तिनं सुचवलंही, की तो खालचा लांब दांडा बघायचा का.

"छे, तिथं काय न्हाय," बाळासो म्हणाले आणि दुसरं काहीतरी बोलू लागले.

वयापुढं कुणाचं चालतं, असं मनाशी म्हणून तिनं विषय सोडला. कारण आबा आता रोज दाढी करत होते, गाडी धूत होते, रविवार उजाडला की आज कुठं जायचं म्हणून विचारत होते. ती डबा भरून घ्यायची. वाटेत एखाद्या झाडाखाली दोघं जेवायचे. तिलाही भूक लागायची. येताना कधी कधी ती गाडीत झोपून जायची आणि बाळासो खड्डे चुकवत, सावकाश घर गाठायचे.

अशाच एका रविवारी ते थेट चंदगडला गेले. एसटी स्टँडसमोर चहा घेताना अनुजाला एकदम आठवलं. लग्नानंतर पृथ्वीराज तिला याच गाडीतून इकडं घेऊन आला होता. रस्ता चुकला, पण कुणाला विचारायला तयार नाही. पुन्हा पुन्हा फिरून याच स्टँडवर यायचा. शेवटी चहावालाच आडवा आला, आता चहा घेतल्याशिवाय पावण्यांना सोडत न्हाय म्हणाला. हे सांगताना ती हसू लागली. हसता हसता रडू लागली, मोठ्यानं, कुणाची पर्वा न करता. पृथ्वीराज गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. बाळासोंनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सापडलं बघ. क्रॉस गेलाय. नागसेनकडं टाकून ये."

अनुजाला इतका आनंद झाला की ऑफिसला रजा टाकून ती गाडी घेऊन उद्यमनगरात गेली. नागसेननं चांगला क्रॉस पुन्हा बसवला. क्लच सोडून पाहिला. गाडी निमूट हलली.

अनुजानं त्याचे आभार मानले. आबांना फसवलं याची टोचणी लागते, पण माणूस परत उठून उभा राहिला, असं तिनं सांगितलं. "त्यांना हे कधीच कळू देऊ नका," ती म्हणाली.

नागसेननं हात पुसले.

"वहिनी, तुमी बिद्रीस्नं आला, त्याच सांजचं आबांचा मला फोन आलता," तो म्हणाला. "म्हणाले, क्रॉस गेलाय हे मला गल्लीच्या तोंडालाच कळलंय. पर तू तो काढू नगंस, आणि अनुजाला सांगूबी नगंस. वरीसभर मुकी झाल्याली पोरगी आज बिद्रीपतोर माझ्यासंगं बोलत आली."