शालिनीकाकूंची साखळी

जिंकली तर निरुपमाला मिळणार होते ते असे: एक शाल, एक नारळ आणि शालिनीकाकूंची वही. शाली तिच्याकडे आधीच तीन होत्या, नारळाचे काय एवढे. सगळा जीव होता तो वहीत.

बडोद्यात हरणीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात काकू बावीस वर्षे प्रश्नांची साखळी गुंफत आल्या होत्या. एका उत्तराचे शेपूट धरून पुढचा प्रश्न निघायचा. यंदा काकूंना एक्याऐंशी पूर्ण झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी जाहीर केले की यंदा जिंकेल त्याने पुढच्या वर्षीपासून साखळी गुंफायची. वही त्याची.

निरुपमा शाळेत विज्ञान शिकवायची आणि सहा वर्षे दुसरी यायची. पहिले यायचे विश्वंभरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. मंडळात तिला ‘उपविजेत्याबाई’ म्हणत, प्रेमाने. प्रेमाने म्हटलेले जास्त टोचते.

नावनोंदणी काकूंच्या घरी असे. जायचे, झोपाळ्यावर बसायचे, रजिस्टरात नाव लिहायचे, चहा पिऊन निघायचे. निरुपमा शाळेतून थेट गेली. पर्समध्ये पेपर तपासायचे तांबडे पेन तेवढे सापडले. नाव तिने त्यानेच लिहिले.

“बस हं, आलं घालून करते,” म्हणत काकू आत गेल्या. काकूंच्या चहाला वीस मिनिटे लागतात हे साऱ्या सोसायटीला ठाऊक होते.

झोपाळ्यावरच्या उशीखालून वहीचा कोपरा दिसत होता. निरुपमाने वही ओढून उघडली.

बडोद्याचे नाव कोणत्या झाडावरून? वड. वडाची फुले कुठे लपतात? फळाच्या पोटात. तिथे शिरून परागण कोण करते? गांधीलमाशीच्या जातीचा एवढासा किडा. तिच्या नात्यातल्या मधमाशीला डोळे किती? पाच. पाच बाहू बहुधा कोणाला? तारामाशाला. त्याच्या अंगात काय नसते? रक्त. मग निळे रक्त कोणाचे? ऑक्टोपसचे. आणि शेवटचा दुवा: ऑक्टोपसला हृदये किती? दोन.

दोन?

पेपर तपासायची सतरा वर्षांची सवय. पेन हातात उघडेच होते. तिने ‘दोन’ खोडले आणि वर ‘तीन’ लिहिले. मग तिच्या लक्षात आले की आपण काय केले. आत कपबशी वाजली. वही पुन्हा उशीखाली गेली.

फाटकात विश्वंभरराव भेटले.

“केम छो, उपविजेत्याबाई? झाला चहा?”

“झाला.”

“मग आता माझा नंबर.”

काकू खाडाखोड बघतील ही भीती नव्हती. साखळी त्यांना तोंडपाठ असे, आणि आता वाचायला डोळे तरी कुठे होते! भीती होती ती आयत्या बघितलेल्या उत्तरांवर जिंकण्याची. संमेलनाला अजून चार दिवस होते.

“शाळेत कोणाला कॉपी करताना पकडलंस की काय?” अनीशने, तिच्या नवऱ्याने, ताटावरून विचारले. “चेहरा तसाच झालाय.”

“एकीला पकडलं.”

“मग? काय केलंस तिचं?”

“अजून ठरवलं नाही.”

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये ते ठरले. वड, किडा, मधमाशी, तारामासा असे करत बाकीचे गळत गेले. शेवटच्या दुव्याला दोघे उरले. शेवटचे उत्तर पाटीवर लिहायचे आणि दोघांनी एकदम वर धरायचे, ही काकूंची रीत.

“ऑक्टोपसला हृदये किती?”

निरुपमाने खडू उचलला. वर्गात ती पोरांना सांगायची, कॉपी केलेल्या पेपरला शून्य. आता शून्य आपणच आपल्याला द्यायचे. चुकीचे उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. चार दिवसांपूर्वी खोडलेले हाताशी होतेच.

तिची पाटी वर गेली: दोन. विश्वंभररावांची: तीन.

“तीन बरोबर!” काकूंनी जाहीर केले. टाळ्या झाल्या. चार दिवसांनी निरुपमाने मोकळा श्वास घेतला.

काकूंनी दोघांच्या पाट्या शेजारच्यांकडून वाचून घेतल्या, दोनदा. टाळ्या थांबेस्तोवर त्या थांबल्या.

“निरुपमा, दोन कुठून आणलेस गं?”

“चुकले, काकू.”

“विज्ञानाची बाई इथे चुकत नाही.” काकूंचा आवाज चढला नाही. “ती दोन हृदये जगात एकाच ठिकाणी आहेत, माझ्या वहीत. वही उघडणाऱ्यासाठी मीच यंदा मुद्दाम लिहवून घेतली होती. मला वाटले होते दुसऱ्याच कोणाच्या पाटीवर निघतील.” त्या वळल्या. “विश्वंभरराव, सहा वर्षे मी मनातून तुमच्यावर संशय घेतला. मला माफ करा.”

“अहो काकू, काहीतरीच काय!” विश्वंभररावांनी वाकून नमस्कार केला.

निरुपमाने तोंड उघडले. मी तर ते सुधारले होते, असे म्हणायचे तर वही उघडली हे आधी म्हणावे लागत होते. तिने पाटी पुसून टाकली.

वही कापडात बांधलेली होती, तशीच विश्वंभररावांच्या हातात गेली. शाल, नारळ, वही आणि वर काकूंची माफी, एवढे त्यांच्या बाजूला जमा झाले. निरुपमाला ‘उपविजेत्याबाई’ म्हणणे मात्र त्या दुपारपासून सगळ्यांनी बंद केले.

ती चपला घालत होती तेव्हा विश्वंभरराव शेजारी येऊन उभे राहिले. वही काखेत होती.

“रजिस्टरात माझ्या वरचे नाव तांबड्या शाईत होते, म्हणून ओळखले हो,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही सुधारून ठेवलेत ते फार बरे केलेत, ताई. नाहीतर मीही दोनच लिहिले असते.”