भेटीचा उद्देश

“भेटीचा उद्देश,” प्रियाने मोबाइलवरचा फॉर्म वाचला. “पर्यटन, छायाचित्रण, पक्षीनिरीक्षण, संशोधन. यातलं एक निवडायचंय, बाबा.”

गणू कोळी विचारात पडला. हिमाचलातल्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन मुलाचं प्रेत शोधणं या चारांतल्या कशात बसतं, हे अख्ख्या दिवाळे कोळीवाड्यात कोणी सांगू शकलं नसतं.

“शोधायलाच चाललोय ना? संशोधन टाक.”

“त्याला कॉलेजचं पत्र लागतं.”

“मग पर्यटन टाक. सरकारला वाटू दे, म्हातारा मजा करायला आलाय.”

प्रियाने पर्यटन टाकलं. सून म्हणून ती पहिल्यापासूनच आज्ञाधारक.

प्रियाचा नवरा विपुल न्हावा शेव्याला कस्टम एजंटाकडे कामाला होता. गेल्या ऑक्टोबरात ऑफिसच्या पाच जणांबरोबर तो त्याच उद्यानात ट्रेकिंगला गेला. पाचही जण परत आले. धुक्यात विपुलचा पाय सुटला आणि तो दरीत गेला, एवढंच त्यांना सांगता आलं. नऊ दिवस शोध चालला. दहाव्या दिवशी बर्फ पडलं आणि शोध संपला.

गावकीने तेव्हाच सांगितलं होतं, दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या आणि मोकळे व्हा. दर्यावर पोट असलेल्या गावाला ही रीत काही नवी नव्हती. पण गणू अडून बसला.

“दर्या कोनाला ठेवून घेत नाय,” तो म्हणाला. “आज नेला तर तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला आनून देतो. डोंगराची भरती वरसातून एकदाच येत असंल, बर्फ वितळंल तवा. तवर थांबायचं.”

“दादा, डोंगराला भरती नसते,” चुलतभाऊ सिताराम म्हणाला.

“तुला काय ठाव? पारसिकच्या टेकडीपलीकडं तू डोंगर पाहिलास कवा?”

तो गणूनेही पाहिला नव्हता. पण हे बोलून दाखवण्याइतका सिताराम वाईट माणूस नव्हता. गाव मात्र मागे हसलं. म्हातारा येडा झाला, असं एकमताने ठरलं. गावकीत एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.

हसली नाही ती एकटी प्रिया. ती फारशी रडलीही नाही. तेराव्या दिवशी डबा घेऊन कामावर गेली. पुतळ्याचा विषय निघाला की सासऱ्याच्या बाजूने उभी राहायची. वनखात्याला फोन करून त्या उतारावरचं बर्फ मेअखेर जातं, हे तिनेच शोधून काढलं. सत्तरीच्या गणूला फिटनेसचं सर्टिफिकेट लागणार होतं, म्हणून रोज सकाळी पाठीवर पाच किलो तांदूळ देऊन त्याला टेकडी चढायला लावलं. या घरात अक्कल शिल्लक असेल तर ती सुनेपाशीच, असं गणूला मनापासून वाटे.

“उद्यानातून दगड, पान, फूल किंवा इतर कोणतीही वस्तू बाहेर नेण्यास मनाई आहे,” प्रिया पुढे वाचत होती.

“आमचीच वस्तू नेली तर?”

तिने खालपर्यंत पाहिलं. “त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

मग सामान भरणं सुरू झालं. गणूने कोरं पांढरं कापड घेतलं, तांब्या घेतला, हाडं बांधायला लाल फडकं घेतलं. प्रियाने जाडजूड स्वेटर घेतला, लोकरी मोजे घेतले आणि सोड्यांचं सुकं करून डब्यात दाबून भरलं. गणूच्या तोंडात चार दात. सोडे विपुलच्या आवडीचे. पिंडापाशी ठेवायला घेतले असतील, असं समजून म्हातारा मनोमन गहिवरला.

“पोरी, एक सांगतो,” तो म्हणाला. “गावला तर इथं आनून खाडीवर अग्नी देऊ. नाय गावला तर तिथंच पुतळा करू. हट्ट माजा होता, तो आता सोडला. मग तू मोकली. बत्तीस म्हंजे काय वय झालं?”

“हो, बाबा,” प्रिया म्हणाली. फॉर्म पाठवून तिने तिकिटं उघडली आणि मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला. “पनवेल ते चंदीगड. हे जातानाचं. हे येतानाचं.”

गणूला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नावं मोजता येत होती. जाताना दोन. येताना तीन.

त्याने पुन्हा मोजली.

“खालचा बर्थ विपुलला ठेवलाय,” प्रिया म्हणाली. “एवढे महिने थंडीत काढलेत, दमला असेल. तुम्ही मधल्यावर चढाल ना, बाबा?”