शेपटाच्या मागे

टपरीच्या भिंतीला सगळ्यांच्या सायकली टेकलेल्या होत्या. सासऱ्यांची तेवढी नव्हती.

जावयाने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. नळापाशी पाहिलं, टपरीच्या मागे जाऊन पाहिलं. "बाबा कुठेत?"

"तुझ्या पुढे होते ना?" गटाचा म्होरक्या चहाचा कप हातात धरून म्हणाला.

"होते. म्हणजे, असणारच. खिंडीत पोचलो तर रस्ता रिकामा. मला वाटलं, उताराला लागले."

म्होरक्याने कप खाली ठेवला. या गटात शेवटच्या सायकलवाल्याला शेपूट म्हणायचे. त्याच्या सीटखाली लाल दिवा लुकलुकायचा, आणि नियम एकच: शेपटाच्या मागे माणूस राहता कामा नये. दिवा आज जावयाकडे होता. "लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढतोस," म्होरक्या म्हणाला, "आणि अख्खा माणूस दिसला नाही तुला?"

कोणी हसलं नाही.

खरं सांगायचं तर जावई सकाळपासून वैतागलेला होता. सासरे कारखान्याच्या गोदामाच्या किल्ल्या सांभाळून निवृत्त झालेले. डोंगरात चिटपाखरू नसलं तरी सायकलला कुलूप घालायचे. पाणी प्यायला थांबले तरी कुलूप, वर दोनदा ओढून बघायचे. "बाबा, इथे कोण चोरणार?" विचारलं तर म्हणायचे, "कुलूप होतं म्हणून कोणी चोरली नाही, जावईबापू." या बुद्धीपुढे काय बोलणार? शेवटच्या चढावर जावई मुद्दाम थांबला. जाऊ देत जरा पुढे, कानाला तेवढीच विश्रांती. तेवढ्यात धुकं उतरलं.

खिशात फोन वाजला. बायको. निघताना तिने एकच गोष्ट बजावली होती, बाबांना नजरेआड होऊ देऊ नकोस. जावयाने नाव पाहिलं, फोन वाजता वाजताच खिशात घातला आणि सायकल वळवली.

"थांब, टेम्पो सामान टाकून परत येईल, त्यातून जाऊ," म्होरक्या ओरडला. हा कसला थांबतोय. दोघंजण त्याच्यामागे निघाले, पण पहिल्या वळणावरच मागे पडले.

उतरताना ज्या रस्त्यावर शीळ घालावीशी वाटली होती, तोच रस्ता आता छातीवर येत होता. प्रत्येक कठड्यापाशी तो मान काढून खाली बघायचा. धुकं, झुडपं, पुन्हा धुकं. तिला काय सांगू? एक पाय खाली, एक पाय वर. काय सांगू तिला? हरवले म्हणू? हरवायला ते काय छत्री आहेत? मांड्या पेटल्या होत्या, पण उतरून ढकलावं असं एकदाही मनात आलं नाही.

खिंडीत एक बंद दुकान होतं. मघाशी तो त्याच्यासमोरून सुसाट गेला होता. आता दुकानाच्या मागे गेला. भिंतीआड पाण्याच्या पाइपाला सासऱ्यांची सायकल बांधलेली होती. कुलूप लावून.

म्हणजे म्हातारा लघवीला आडोशाला आला, आणि रस्त्यावर ठेवायला नको म्हणून सायकल सोबत घेऊन आला. जावयाला हसू यायला हवं होतं. पण सायकल होती, माणूस नव्हता.

मग आवाज ऐकू आला. खिंडीच्या पलीकडून, सकाळी ज्या बाजूने चढून आले त्या बाजूने. घोगरा, बसलेला. जावई सायकल तिथेच टाकून धावला.

वळणावर कठडा तुटलेला होता. तिथे उरलेल्या दगडाला एका हाताने धरून सासरे दरीवर वाकले होते. दुसरा हात तोंडाशी. "जावईबापू," ते खाली धुक्यात हाका मारत होते. "अहो, नुसतं हूं तरी म्हणा. मी आहे इथे."

"बाबा," जावई कसाबसा म्हणाला.

सासरे वळले. त्याच्याकडे पाहिलं, परत दरीकडे पाहिलं. "तुम्ही वरून कसे आलात?"

त्याने सांगितलं. मुद्दाम थांबलो होतो, तेही सांगून टाकलं. सासरे ऐकत दगडावर बसले. मुठीत किल्ली होती.

"बाहेर आलो, तुमची वाट बघत बसलो," ते म्हणाले. "म्हटलं, आता येतील, मग येतील. शेवटी चालत खाली आलो, तर हा कठडा असा. लेकीने बजावलं होतं. बाबा, त्याला घाई फार, त्याला नजरेआड होऊ देऊ नका."

"तुम्हाला सांगितलं होतं? तिने?"

"मग कोणाला सांगणार?"

खिशात पुन्हा फोन वाजला. जावयाने तो बाहेर काढला. दोघांनी नाव वाचलं. त्याने फोन सासऱ्यांपुढे धरला, त्यांनी तो त्याच्याकडे सारला.

"तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "तिला काय सांगायचं, ते मघापासून जुळवत होतो मी. जमलं नाही."