लागोपाठ दोन क्रूझ

भीमेच्या नावेत बसतानाही डोळे गच्च मिटणाऱ्या सिंधूबाईंनी दौंडच्या टूरवाल्याकडं क्रूझ बुक केली. तीही एक नव्हे, लागोपाठ दोन! पहिली संपली की घरी न येता मुंबईतूनच दुसरी धरायची. त्यांच्या नवऱ्याच्या, बाळासोंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"संगं कोण हाय?"

"आमी पंचायतीतल्या पाची मेंबर बाया."

"आन् फोन घरी का ठिवून चाललीस?"

"समुद्रात कुठं रेंज असती, अवो?"

बाळासोंनी टूरवाल्याला खोदून खोदून विचारलं, बाकी चौघींच्या नवऱ्यांना गाठलं. त्यांच्याही घरी फोन चार्जिंगला लावलेलेच.

पंधराव्या दिवशी बायकांची गाडी थेट ग्रामपंचायतीपुढं थांबली. उपसरपंचाची निवड त्याच दिवशी होती, आणि बायकोचं मत बाळासोंनी त्या पदाला उभ्या असलेल्या आप्पांना केव्हाच कबूल करून टाकलं होतं.

नऊ मेंबरांतले पाच हात सिंधूबाईंसाठी वर झाले.



"मतदानाआधी मेंबर लांब न्यायचे, म्हंजी कुणी फोडत न्हाई, हे तुमीच शिकवलं," कपाळावरचा गुलाल पुसत सिंधूबाई म्हणाल्या, "आमास्नी फोडणारी माणसं तेवढी घरातच व्हती."