नजरेचा सराव

मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची, हे टालियाला तिच्या नॅननं, म्हणजे आजीनं, बाळकडूसारखं पाजलेलं. डार्लिंग नदीकाठच्या सरकारी शाळेनं मात्र थोर निदान केलं, की मूळनिवासी मुलांना आत्मविश्वासच नाही! मग काय, मुख्याध्यापक हॅरप सरांनी खास वर्ग भरवला.

"लाजतेस काय गं? माझ्या डोळ्यांत बघून बोल, तरच विद्यार्थी परिषदेत घेईन."

टालियाला परिषदेत जायचंच होतं. पोरीनं आरशासमोर सराव केला आणि मुलाखतीत थेट सरांच्या डोळ्यांत बघत विचारलं, "सर, आमच्या भाषेचा तास का बंद केलात?"

सरांनी तिच्या नावावर काट मारली.

"डोळे वर करून बोलतेस? घरी हेच शिकवतात वाटतं!"